एमजीबी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालते: कुठून बघायला सुरुवात करायची

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन धरतं, वीस-पंचवीस मिनिटं गाडी गुमान पळते आणि मग भर रस्त्यात दगा देते. अर्धा तास उभी राहिली की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा चालू. गॅरेजपर्यंत पोचते तेव्हा ती थंड झालेली असते, तिथे काही सापडत नाही आणि बिल कार्ब्युरेटर ट्यूनिंगचं येतं. पुढच्या रविवारी तीच कथा.

हा दोष थंड गाडीत दिसत नाही, म्हणून तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार मिनिटांत पकडायचा. बॉनेट उघडून नुसतं बघत उभं राहिलं की पुरावा हातचा गेला. आणि जोवर इग्निशन निर्दोष आहे हे टेस्ट लॅम्पने (करंट पोचतोय का ते दाखवणाऱ्या दिव्याने) सिद्ध होत नाही, तोवर कार्ब्युरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर एका मिनिटापूर्वी नीट चालत होता. त्याचं सेटिंग आपोआप बिघडून अर्ध्या तासाने आपोआप सुधारत नाही.

इथलं वर्णन अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या, १७९८ सीसीच्या, जोड एसयू कार्ब्युरेटर असलेल्या एमजीबी रोडस्टर आणि जीटीचं आहे. ट्रायम्फ स्पिटफायरला इग्निशनचा भाग जवळपास जसाच्या तसा लागू पडतो. तिचा पेट्रोल पंप मात्र इंजिनावर बसवलेला, मेकॅनिकल असतो, त्यामुळे पेट्रोलच्या भागातलं पंपाचं तिला लागू नाही.

आधी लक्षणं नीट ओळखा

बंद पडताना गाडी कशी वागते, यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे.

चावी फिरवल्यासारखं इंजिन एका झटक्यात गेलं, आधी काही कुरकुर नाही, तर संशय इग्निशनवर. विशेषतः लो टेन्शन बाजूवर, म्हणजे स्विच, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पॉइंट्स (तिचा करंट तोडणारे-जोडणारे), कंडेन्सर (पॉइंट्सवरची ठिणगी आवरणारा) आणि त्यांच्यामधल्या वायरी.

पिकअप कमी झाला, चढावर गचके बसले, शे-दोनशे मीटर रडतखडत जाऊन बंद पडली, तर पेट्रोल कमी पोचतंय.

चालताना काहीच त्रास नाही, पण पेट्रोल भरायला किंवा चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलात आणि मग चालूच होईना, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उष्णतेने उकळलं असण्याची शक्यता जास्त.

मिसिंग, सायलेन्सरमधून फटाके आणि पॉइंट्सवर काजळी हे तिन्ही एकत्र दिसलं तर कंडेन्सर.

सेल्फ मारताना इंजिन धरतं आणि चावी सोडली की लगेच मरतं, हे लक्षण १९७४ नंतरच्या रबर बंपर गाड्यांचं. त्यांच्या कॉइलला बॅलास्टची, म्हणजे करंट मर्यादित ठेवणारी, रेझिस्टन्स वायर असते. सेल्फ मारताना त्या वायरला वळसा घालून कॉइलला थेट करंट मिळतो. ती वायर तुटली की नेमकं असंच होतं.

फुकटातल्या तीन खुणा

गाडी मरायला लागली की नजर टॅकोमीटरवर. क्लच दाबू नका, गाडी गिअरमध्ये घरंगळू द्या. अर्थात मागे वाहन नसेल आणि बाजूला घ्यायला जागा असेल तरच. चाकं इंजिन फिरवत असतानाही काटा धाडकन शून्यावर आला तर कॉइलच्या प्रायमरीचा (कमी व्होल्टच्या वेटोळ्याचा) करंट तुटलाय. काटा इंजिनाच्या वेगाबरोबर सावकाश खाली आला तर लो टेन्शन बाजू ठीक असावी. मग पेट्रोल किंवा रोटर आर्म (डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगी एकेका प्लगकडे वळवणारा फिरता भाग). काटा थरथरत असेल तर कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे. घरंगळत असताना चावी बंद-चालू मात्र करू नका. सायलेन्सरमध्ये साचलेलं न जळलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि सायलेन्सर फाटतो.

दुसरी खूण चोकची. गचके सुरू झाले की चोक सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर ओढा. इंजिनाने दम धरला तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे पेट्रोल अपुरं. आणखी बिघडलं तर ओव्हरफ्लो किंवा इग्निशन.

तिसरी, गाडी थांबल्यावर चावी ऑन ठेवून लाल इग्निशन दिवा बघणं. तो लागत नसेल तर स्विच किंवा स्विचपासून निघणारी पांढरी वायर गेली. दिवा बघून झाला की चावी बंद करा. इंजिन थांबलेलं आणि पॉइंट्स मिटलेले असताना कॉइलमधून सलग करंट वाहतो आणि ती तापत जाते.

डिकीत असू द्या

१२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, फीलर गेज, इन्सुलेटेड पक्कड, मध्ये फ्यूज घातलेली दोन मीटर वायर, आणि सुटे भाग म्हणून कंडेन्सर, पॉइंट्स, रोटर आर्म. हे सगळं एका चपलेच्या खोक्यात मावतं. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. मीटर लावण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल उलट्या पोलॅरिटीने जोडलं तर जागीच मरतं.

पहिली तपासणी: टाकीचं झाकण

पैसे लागत नाहीत आणि पाच सेकंदांत होते. गाडी बंद पडल्या पडल्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय किंवा कुणीतरी बिनछिद्राचं झाकण लावलंय. पेट्रोल जसं संपतं तशी आत हवा शिरायला हवी. नाहीतर टाकीत निर्वात वाढत जातो आणि पंप हरतो. बिनछिद्राची झाकणं अमेरिकेत विकलेल्या उत्तरार्धातल्या गाड्यांना योग्य, कारण त्यांच्या टाकीला वेगळी व्हेंट असते. ब्रिटनमध्ये विकलेल्या गाडीला ते झाकण चालत नाही.

दुसरी: पंपाचा आवाज

एसयूचा इलेक्ट्रिक पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे बसवलेला असतो. तो बोलतो, आणि तेच त्याचं सगळ्यात उपयोगी वैशिष्ट्य. चावी ऑन केली की टकटक सुरू व्हावी आणि कार्ब्युरेटरचे बाऊल (पेट्रोल साठवणारे कप्पे) भरले की मंदावत थांबावी. नंतर अर्ध्या मिनिटाने एखादी टक चालेल.

अखंड, भराभर टकटक म्हणजे पंप हवा ओढतोय: टाकी रिकामी आहे किंवा टाकी आणि पंप यांच्यामधला जोड सैल आहे. पेट्रोल पुढे कुठे गळत असलं तरी हाच आवाज येतो, म्हणून आधी वास घ्या. अगदी संथ, ओढल्यासारखी टक येत असेल तर पेट्रोल अडलंय. अजिबात आवाज नसेल तर पंपाच्या अंगावर स्पॅनरच्या मुठीने हलकी थाप द्या. थापेने चालू झाला तर त्याचे आतले पॉइंट्स काजळलेत. त्या थापेवर घर गाठता येतं, वर्ष काढता येत नाही.

थापेने चालू होत नसेल तर पंप बदलण्याआधी त्याच्या दोन्ही वायरी तपासा. पांढरी वायर करंट आणते. ती वाटेत पितळी बुलेट कनेक्टरमधून जाते आणि हिवाळी रस्त्यांचं मीठ-पाणी खाऊन हे कनेक्टर आतून हिरवे पडतात. काळी वायर अर्थची, ती डिकीत नंबर प्लेटच्या बोल्टवर येते. नंबर प्लेट बदलताना हा बोल्ट काढला जातो आणि रंगावरच परत आवळला जातो. मग अर्थ कधी मिळतो, कधी नाही. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

तिसरी: टेस्ट लॅम्प कॉइलवर

पंप ठीक असेल तर आता बॉनेट. टेस्ट लॅम्पचं एक टोक इंजिनाच्या धातूला, दुसरं कॉइलच्या ज्या टर्मिनलला स्विचकडून वायर येते त्याला. चावी ऑन करून दिवा लागला पाहिजे. बॅलास्टच्या गाडीत पॉइंट्स मिटलेले असतील तर तो मंद लागेल, तेच बरोबर. लागलाच नाही तर फ्यूजबॉक्सवर तपकिरी वायरीच्या टर्मिनलपासून पांढऱ्या वायरीच्या टर्मिनलला फ्यूजवाली वायर जोडा. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, पांढरी म्हणजे स्विचमधून आलेला. या जोडणीने गाडी चालली तर दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. गाडी चावीने बंद होणार नाही, ही जोडवायर काढावी लागेल, एवढं ध्यानात ठेवा. जोड थेट कॉइलवर देऊ नका. बॅलास्टच्या गाडीत कॉइलला झेपणार नाही एवढा करंट जातो.

आता लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला, जिथून डिस्ट्रिब्युटरकडे पांढरी-काळी वायर जाते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकायला हवा. सारखा लागून राहिला तर पॉइंट्स मिटत नाहीत किंवा वाटेत वायर तुटलीय. लागतच नाही तर पॉइंट्स उघडत नाहीत किंवा काहीतरी बॉडीला चिकटून शॉर्ट झालंय. पांढरी-काळी वायर कॉइलवरून काढून पुन्हा बघा. आता लागला तर शॉर्ट डिस्ट्रिब्युटरच्या आत किंवा त्या वायरीतच. तरीही लागत नसेल तर कॉइलच गेली.

चौथी: डिस्ट्रिब्युटरच्या आत

दोष बहुधा इथेच सापडतो, म्हणून इथे घाई नको. कॅप काढा. चावी ऑन, पॉइंट्स मिटलेले. इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट्स अलगद उघडा. बारीक निळी ठिणगी पडली तर कंडेन्सर काम करतोय. पिवळी, ठसठशीत, चट्ट आवाजाची ठिणगी म्हणजे कंडेन्सर गेला. उष्णतेने तो आतून तुटतो, थंड झाला की पुन्हा जुळतो, आणि म्हणूनच थंड गाडीत सापडत नाही. त्याची क्षमता ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅराड असावी लागते. हल्लीच्या स्वस्त कंडेन्सरमध्ये क्षमता बरोबर असते, पण उष्णता सोसत नाही. नवा आहे म्हणून त्याला संशयातून वगळू नका. उलट, तक्रार सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली असेल तर तोच पहिला आरोपी.

रस्त्यात कंडेन्सर बदलायला डिस्ट्रिब्युटर खोलायची गरज नाही. सुट्या कंडेन्सरची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला जोडा आणि त्याची पत्री कॉइलच्या क्लॅम्पच्या स्क्रूखाली धातूला आवळा. विजेच्या दृष्टीने दोन्ही जागा सारख्याच. आतला जुना शॉर्ट झालेला असेल तर मात्र तो काढावाच लागेल. बाहेरची जागा थंड असल्यामुळे काही जण तो कायमचा तिथेच ठेवतात, आणि त्यात काही चूक नाही.

त्याच बैठकीत आतली कापडी वेष्टनाची बारीक वायर बघा, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंट्सपर्यंत जाते ती. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स प्रत्येक वेळी बेसप्लेट फिरवतो आणि ही वायर त्याबरोबर वाकते. वर्षानुवर्षं वाकून तिचे धागे वेष्टनाच्या आत तुटतात. बाहेरून वायर धडधाकट दिसते. चिमटीत धरून हलकेच ताणली की रबरासारखी लांबते. लांबली की बदला. बेसप्लेटला बॉडीशी जोडणारी छोटी अर्थवायरही अशीच तुटते.

पॉइंट्सच्या खांबावर वायरींचे डोळे (टोकाच्या गोल कड्या) कोणत्या क्रमाने बसलेत तेही बघा. कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडची वायर, दोन्हींचे डोळे पॉइंट्सच्या स्प्रिंगला टेकलेले हवेत. खांबाला आणि बेसप्लेटला त्यातलं काहीच लागता कामा नये. मध्ये प्लास्टिकची टोपी असते ती त्यासाठीच. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅमच्या सर्वांत उंच बिंदूवर मोजलेला. पॉइंट्सच्या तोंडावर तेलाचा अंश राहिला तर तो जळून इन्सुलेशन तयार होतं. कोरा कागद मध्ये धरून ओढून काढा.

शेवटी रोटर आर्म. वरची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर त्या रिव्हेटमधून ठिणगी खाली दांड्यात उतरू शकते, आणि मग प्लगला काहीच पोचत नाही. कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढून इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळापासून ३-४ मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला लावा. ठिणगी जोरात रोटरवर उडी मारत असेल तर रोटर फुटलाय. चांगल्या रोटरवर ठिणगीला जायला वाट नसते. बदलताना बिनरिव्हेटचा घ्या, थोडा महाग असला तरी.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्यांना यातला बराच भाग लागू नाही, पण मॉड्यूलही गरम होऊनच मरतं आणि त्याची दुरुस्ती होत नाही. जुनी पॉइंट्सची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा.

पाचवी: कॉइल

पैसे खर्च करण्याआधी मोजा. दोन्ही वायरी काढून टर्मिनलांमध्ये रेझिस्टन्स बघा. क्रोम बंपरच्या, बिनबॅलास्टच्या गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल लागते, बॅलास्टच्या गाडीला साधारण १.५ ओहमची. उलटसुलट लागली की घोटाळा: १.५ ओहमच्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट दिले तर ४ ऐवजी ८ अँपिअर करंट वाहतो, कॉइल भाजते आणि पॉइंट्स जळतात. कॉइल हाताला गरम लागणं नॉर्मल आहे, तेवढ्यावरून फेकू नका. गरम असताना रेझिस्टन्स एकदम वाढला किंवा सर्किटच तुटलेलं दिसलं, तरच ती गेली.

सहावी: पेट्रोलचा प्रवाह, नळ्या, टाकी

इथून पुढचं काम रस्त्यावर करायचं नाही. घरी, उघड्यावर, इंजिन गार, अग्निशामक हाताशी. पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपाशी काढा, तिला लांब नळी जोडून बाटलीत सोडा आणि चावी ऑन करा. मिनिटाला किमान अर्धा लिटर यायला हवं. निरोगी पंप त्याच्या दुपटीच्या आसपास देतो. सुरुवातीला धार चांगली आणि मग कमी होत गेली तर टाकीतला गंज तळाच्या नळीच्या तोंडाशी जमतोय. गाडी उभी राहिली की तो गळून पडतो आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत. या दोषाचा उष्णतेशी संबंध नाही, फक्त सोंग तसं असतं.

रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी इथेनॉलमुळे आतून सुटतात आणि त्यांचे कपटे फ्लोटच्या निडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे. जुन्या गाडीला सुपर प्रतीचं ई५ घालावं. भारतात तर पंपावर २० टक्के इथेनॉल मिळतं, तिथे नळ्यांकडे दुप्पट लक्ष हवं. बदलताना एसएई जे३० आर९ असं छापलेलीच नळी घ्या. शिवाय चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना ब्रिटनमध्ये २०१८ पासून एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, त्यामुळे वर्षातून एकदा गाडीखाली कुणी तज्ज्ञ वाकून बघेल हा भरवसाही गेला.

सातवी: थांबल्यावर चालू न होणं

एमजीबीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एक दुसऱ्याच्या डोक्यावर. चालताना हवा खेळती असते. थांबल्यावर सगळी उष्णता वर चढते आणि बाऊलमधलं पेट्रोल उकळतं. पंप मागे असून पेट्रोल ढकलत असल्यामुळे नळीत वाफ अडकण्याचा दोष या गाडीत विरळा. दोष असतो तो बाऊलमध्ये.

कार्ब्युरेटरमागची उष्णतारोधक पत्री आणि फिनॉलिकचे (उष्णता रोखणाऱ्या कडक प्लास्टिकचे) जाड स्पेसर जागेवर आहेत का ते बघा. कार्ब्युरेटर उतरवून परत बसवताना हेच विसरले जातात. जुन्या पत्रीवरचं अस्तर अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ते घासायचं नाही, ब्रशने झाडायचंही नाही. गरम गाडी चालू करताना चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, तो दाबत-सोडत बसू नका. थांबल्यावर दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवणं हा ब्रिटनच्या उन्हाळ्यात पुरेसा इलाज आहे. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात नाही.

कुठे हात थांबवायचा

मोटरवेवर बंद पडली तर वरचं काहीही करायचं नाही. डाव्या दारातून उतरा, कठड्यापलीकडे उभे राहा आणि ब्रेकडाउन सेवेला बोलवा.

गरम एक्झॉस्टवर पेट्रोल टपकताना दिसलं, किंवा कुठलीही वायर हाताला चटका देण्याइतकी तापली, तर बॅटरीची वायर काढा आणि गाडी ट्रकवर घालून न्या. फ्यूज मोठा घालून बघणं तर मुळीच नको: एमजीबीत पांढऱ्या वायरीच्या सर्किटला मुळातच फ्यूज नसतो, तिथे शॉर्ट झालं की पूर्ण हार्नेस जळतो.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा आडवा हलत असेल तर पॉइंट्सचा गॅप कधीच टिकणार नाही. तो बुश बदलणाऱ्या माणसाकडे पाठवा. एसयू पंपाचे पॉइंट्स कागदाने पुसणं घरी जमतं, डायफ्राम आणि थ्रो-ओव्हरचं (पॉइंट्सची उघडझाप करणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग त्यातल्या जाणकारानेच करावं. टाकी उतरवणं, आतून साफ करणं, तिला वेल्डिंगचा हात लावणं हेही घरचं काम नव्हे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. उत्तरार्धातल्या गाड्यांचा इग्निशन स्विच स्टिअरिंग लॉकमध्ये असतो आणि त्याचे बोल्ट डोकं तोडून बसवलेले असतात, तेव्हा तोही गॅरेजमध्येच.

गॅरेजमध्ये देताना चार गोष्टी कागदावर लिहून द्या: टॅकोमीटरचा काटा कसा पडला, लाल दिवा लागला का, चोक ओढल्यावर काय झालं, पंप वाजत होता का. आणि गाडी परत घेण्याआधी ती किमान अर्धा तास चालवून, गरम असतानाच बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून दाखवायला सांगा. पैसे त्यानंतर.